सासूबाईंबरोबर पोर्तुगीज जत्रेत

सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत, श्रूजबरीला आल्या त्या २००५च्या उन्हाळ्यात. सासरे जाऊन वर्ष उलटलं होतं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत होत्या, म्हणून नवऱ्याने जवळजवळ हट्टच धरला आणि तिकीट काढून टाकलं. मी त्यांना आई म्हणते. पण खरं सांगायचं तर तोवर आमची ओळख गणपती-दिवाळीपुरतीच होती. मी नागपूरची, घरात अंडंसुद्धा न शिजणाऱ्या माणसांतली. त्या माहेरच्या रेवदंड्याच्या, ताटात मासळी नसेल तर जेवण झालं असं न मानणाऱ्या. लग्नानंतर लवकरच आम्ही दोघं इकडे आलो, त्यामुळे एकमेकींच्या सवयी कळाव्यात इतका सहवास कधी घडलाच नव्हता. आम्ही एकमेकींशी फार जपून, फार गोड बोलत होतो.

नोकरीत असताना आई पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या काळात मद्रासपासून श्रीनगरपर्यंतच्या ऑपरेटर बायकांशी त्यांच्या तारेवरच्या मैत्र्या होत्या. बोलणं हा त्यांचा व्यवसायही होता आणि आनंदही. आणि आम्ही त्यांना आणून ठेवलं होतं ते अशा घरात, जिथे सकाळी आठनंतर बोलायला कुणीच नसे. आम्ही दोघं ऑफिसला, सात वर्षांची लेक समर कॅम्पला. शेजारीण दिसली की हात करायची, दोन वाक्यं बोलायची, पण तिचं इंग्रजी इतक्या वेगात यायचं की आई नुसत्या हसून मान डोलवायच्या. कुठे जायचं तर गाडी हवी, आणि गाडी म्हणजे आम्ही हवे. संध्याकाळी घरी आलो की सोफ्यावर बसून त्या क्रोशा विणत असत. कशाबद्दल तक्रार म्हणून नाही. पण कधी कधी मला वाटे, त्या दिवस मोजताहेत आणि आम्हाला कळू देत नाहीयेत.

चार जुलैच्या लाँग वीकेंडला नायगारा पाहायचा बेत होता. हॉटेल ठरलं होतं, लेकीचं मैत्रिणींना सांगून झालं होतं. आणि आयत्या वेळी नवऱ्याचं प्रोजेक्ट लांबलं. ज्याने फोनवर हजर राहायचं तो दुसरा माणूस भारतात गेला होता, त्यामुळे तीन दिवस लॅपटॉप आणि फोन सोबत ठेवून ऑफिसपासून तासा-दीड तासाच्या अंतरात राहणं नवऱ्याला भाग होतं. नायगारा कॅन्सल केला. लेक रुसून खोलीत जाऊन बसली. आई म्हणाल्या, माझं काही नाही, धबधबा काही पळून जात नाही. पण पोरीला कुठेतरी न्या.

हे सगळं मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं. ती फॉल रिव्हर या गावची. तिचे आईवडील अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटांवरून इथे कापडगिरण्यांत काम करायला आले होते. त्या गावात जवळजवळ निम्मी माणसं तशीच. तिने लगेच फर्मावलं की आमच्याकडे या. शनिवार-रविवार त्यांच्या चर्चची जत्रा होती. बाजार भरणार, बायका हाताने केलेल्या वस्तू विकायला मांडणार, खाणं, गाणी, लिलाव, मिरवणूक. अंतर सव्वा तासाचं, तेव्हा नवऱ्याचा लॅपटॉपही येऊ शकतो. तिची आत्या तिथे लेस आणि भरतकामाचा स्टॉल लावते. "तुझ्या सासूबाईंना आण," ती म्हणाली. "आत्याला क्रोशावर बोलायला कुणी मिळालं, तर आमचं डोकं तरी एक दिवस शांत राहील."

मी सांगितलं की माझ्या सासूला इंग्रजी जेमतेम येतं. ती म्हणाली, आत्यालाही तेवढंच येतं.

शनिवारी सकाळी निघालो. नवऱ्याने फोन चार्जरला लावून समोर ठेवला होता आणि दर दहा मिनिटांनी त्याकडे बघत होता. लेक मागे आजीशेजारी बसून अजून थोडी फुगलेलीच होती. फॉल रिव्हरला पोचताना आधी रुंद नदी आणि तिच्यावरचा उंच पूल लागतो, मग टेकडीच्या उतारावर दगडी गिरण्या दिसतात, आता बहुतेक बंद पडलेल्या. त्यांच्या मागे एकाला एक लागून तीन मजली लाकडी घरं. श्रूजबरीत आमच्या वस्तीत घरांपुढे नुसतं कापलेलं गवत असतं, त्यावर कोणी चालतही नाही. इथे वीतभर अंगणातसुद्धा माणसांनी काही ना काही लावलं होतं. मांडवावर द्राक्षाचा वेल, खाली कोबीची पानं, घेवड्याच्या काठ्या, दारात निळ्या-पांढऱ्या टाइलवर रंगवलेली मेरीमाता. दोरीवर कपडे वाळत होते. आईंनी खिडकीची काच खाली करायला सांगितली. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच वाळत घातलेले कपडे पाहिले होते, असं त्या म्हणाल्या, आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला.

मैत्रीण आम्हाला आधी तिथल्या रोजच्या बाजारात घेऊन गेली. लांबट दुकान, छताला टांगलेल्या लाल सॉसेजच्या माळा, ऑलिव्हची पिंपं, आणि एका कोपऱ्यात मिठात वाळवलेले मोठाले मासे फळ्यांसारखे एकावर एक रचलेले. त्या वासाने मी दारातच थबकले. नाकाला रुमाल लावावा तर मैत्रिणीला वाईट वाटेल, न लावावा तर मीच खाली बसेन अशी अवस्था. आई मात्र माझ्या बाजूने सरळ पुढे गेल्या, त्या रचलेल्या माशांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"सुकी मासळी," त्या म्हणाल्या. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाल्या, तो आवाज मी आमच्या घरात दोन महिन्यांत ऐकला नव्हता.

मग त्यांनी तिथल्या माणसाला खुणांनीच तुकडा उलटून दाखवायला लावला, बोटाने दाबून पाहिला, जाडीबद्दल नापसंती दाखवली, दुसरा काढायला लावला. तो माणूसही चिडला नाही. उलट त्याने आतून आणखी एक तुकडा आणला, जो म्हणे तो सगळ्यांना दाखवत नाही. तो आईंनी घेतला. मैत्रिणीने बजावलं की रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय शिजवू नका, पाणी दोन-तीनदा बदला. आईंनी मला मराठीत सांगितलं की हिला सांग, मला शिकवू नकोस. मी ते सांगितलं नाही. पुढे बेकरीत गोल, फुगीर, वरून तांबूस पाव होते. दुकानातली बाई आपसांत बोलताना त्याला 'पांव' म्हणत होती, तर आईंनी नवऱ्याला कोपर मारून म्हटलं, "ऐकलंस? पावच म्हणाली ती." शाळेत आम्हालाही शिकवलं होतं की पाव, बटाटा, चावी, साबण हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. पण ते परीक्षेपुरतं. असा जिवंत माणसाच्या तोंडून पाव ऐकल्यावर लेकही हसायला लागली आणि तिचा रुसवा गेला.

जत्रा चर्चमागच्या मोठ्या पटांगणात होती. रंगीत कागदी पताका, तंबू, मधोमध लाकडी मंच, एका बाजूला भट्ट्यांचा धूर. हस्तकलेचे स्टॉल चर्चच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मांडलेले होते, कारण बाहेर ऊन कडक होतं. मातीच्या रंगवलेल्या थाळ्या, रंगीत कोंबडे, वेताच्या टोपल्या, लाकडात कोरलेली छोटी गलबतं, आणि भिंतीलगत मैत्रिणीच्या आत्याचा स्टॉल. आत्या सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, काळ्या कपड्यातली. तिच्या पुढ्यात पांढऱ्या लिननवर निळ्या दोऱ्याने भरलेले टेबलक्लॉथ, क्रोशाचे पडदे, लेस लावलेले रुमाल. मैत्रिणीने ओळख करून दिली. आत्याने आईंना नखशिखांत न्याहाळलं, त्यांच्या सुती साडीचा पदर दोन बोटांत धरून पाहिला, आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. आई बसल्या. त्यांनी पिशवीतून स्वतःचं विणकाम काढलं. मग दोघी विणायला लागल्या. दोघींच्या नजरा आपापल्या सुईवर.

मला अवघडल्यासारखं झालं. मी आणि मैत्रीण मध्ये उभ्या राहून दोन्हीकडचं काहीबाही सांगत होतो. या माझ्या सासूबाई, ही त्यांची पहिलीच फेरी, त्यांनाही क्रोशाची आवड आहे. दोघी माना डोलवत होत्या. शेवटी आत्याने एका पडद्याच्या किनारीतलं फूल दाखवलं आणि सुई आईंच्या हातात दिली, करून बघ अशा अर्थाने. आईंनी ते फूल उलटंपालटं करून पाहिलं आणि टाके घालायला सुरुवात केली. टाके घालताना त्या नेहमी तोंडातल्या तोंडात मोजतात. आमच्याकडे सोफ्यावरही मोजत असत, मी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी अगदी जवळ उभी होते, म्हणून ऐकू आलं.

"उंग, दोय, त्रे..."

आत्याची सुई थांबली. तिने मान वर करून आईंकडे पाहिलं आणि हळूच पुढचं म्हटलं, "क्वात्रु, सिंकु."

"क्वात, सिंक," आई म्हणाल्या. आणि मग त्याही थांबल्या. आपण काय बोललो हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

आत्या मैत्रिणीवर पोर्तुगीजमधून प्रश्नांचा भडिमार करायला लागली. ही बाई कुठली? मला तर भारतातली म्हणून सांगितलंस. मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली, मी नवऱ्याकडे, आणि नवरा आईंकडे. त्यालाही काही माहीत नव्हतं. मग आईंनी सांगितलं आणि आम्ही तिथेच, दोन भाषांच्या उतरंडीने, ते आत्यापर्यंत पोचवत गेलो.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचं गाव आहे. वर डोंगरावर पोर्तुगिजांचा किल्ला, खाली ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती. पोर्तुगीज कधीचेच गेले, पण ती माणसं घरात अजून त्यांच्याच मोडक्या भाषेत बोलतात, मराठीबरोबर. आईंच्या लहानपणी पूल नव्हता. कोर्लईच्या बायका होडीने खाडी ओलांडून भाजी विकायला रेवदंड्यात येत. त्यातल्या एकीची मुलगी आईंच्या वयाची. तिची आई बाजारात बसली की ती यांच्या पडवीत यायची आणि दोघी सागरगोटे खेळायच्या. मोजायचं तिच्या भाषेत, असा तिचा नियम होता, कारण सागरगोटे तिचे होते. त्यामुळे आई आकडे शिकल्या, आणि आणखी थोडं काही. ती पाण्याला 'आग' म्हणायची, हे आईंना तेव्हा भयंकर गमतीचं वाटायचं. घरी येऊन त्या आपल्या आईकडे "आग दे प्यायला" असं मागायच्या आणि बोलणी खायच्या.

हे मैत्रिणीने सांगितल्यावर आत्या इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग तिने टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. "आग्वा," ती म्हणाली. "आग," आई म्हणाल्या. आत्याने चावी दाखवली. आईंनी अर्थातच चावी म्हटलं. फितीला फीत. मग आत्याने शेजारच्या स्टॉलवरच्या बाईला हाक मारली, तिने आणखी एकीला, आणि बघता बघता चार-पाच म्हाताऱ्या आईंभोवती जमल्या आणि हातातली वस्तू दाखवून नाव विचारायला लागल्या. सगळं काही जुळत होतं असं मुळीच नाही. बऱ्याच गोष्टींवर आई मान हलवत आणि मराठी शब्द सांगत, आणि त्या बायका तो म्हणून बघत. पण जुळेल तेव्हा सगळ्या एकदम हसत. लेक आजीच्या खुर्चीच्या दांडीवर बसली होती. तिने मला विचारलं, "इज आजी पोर्तुगीज?" मी म्हटलं, नाही गं, आजी रेवदंड्याची. तिला तो देश माहीत नव्हता.

दुपारी बाहेरच्या तंबूतून आत्याला बोलावणं आलं. तिथे मैद्याचं आंबवलेलं पीठ हाताने ताणून तेलात सोडत आणि वर साखर भुरभुरून विकत होते. रांग लांबली होती आणि तळणाऱ्यांपैकी एकीला उन्हाने चक्कर आल्यासारखं झालं होतं. आत्या उठली, आणि तिच्या पाठोपाठ आईही उठल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही बसा, गरम असेल तिथे. त्या म्हणाल्या, कोकणात काय एसीत जेवण करत होते का मी. नवऱ्याने मला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं.

थोड्या वेळाने आम्ही तंबूपाशी गेलो, तर आईंनी साडीवरून चर्चचा पांढरा एप्रन बांधला होता. पाण्यात बोटं बुडवायची, पिठाचा गोळा उचलायचा, तो दोन्ही हातांवर फिरवत पातळ करायचा आणि अलगद तेलात सोडायचा. आधी त्यांनी दोन-तीनदा आत्याचं पाहिलं असणार. आता त्यांच्या हातून एकसारखे गोळे जात होते, मधे पातळ, कडेला फुगीर. घरी मला त्या पोळी लाटताना बघायच्या, पण काही बोलायच्या नाहीत, आणि त्या न बोलण्याचं मला दडपण यायचं. इथे त्या सगळ्यांशी बोलत होत्या. मराठी, इंग्रजी, कोर्लईचं जे आठवेल ते. रांगेतल्या एका गृहस्थाने त्यांना पोर्तुगीजमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. त्या न डगमगता "सिंग, सिंग", म्हणजे हो हो, म्हणाल्या आणि त्याच्या कागदावर साखर जास्त टाकली. तो खूष होऊन गेला. नंतर मैत्रिणीने सांगितलं की त्याने विचारलं होतं, तुम्ही कोणत्या बेटावरच्या.

मी त्यांच्या हातचं गरम गरम खाल्लं. खरं तर तळणीच्या कढईत आणखी काय काय तळलं असेल ही माझी जुनी शंका तेव्हाही मनात होती. पण त्यांनी स्वतः कागदात बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "निव्वळ मैदा, दूध आणि अंडं आहे. अंडं चालेल ना गं तुला?" मला अंडं आता चालतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, चालतं. त्या म्हणाल्या, मग मी उगाच दोन महिने तुझ्यासाठी केक टाळतेय.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर लाउडस्पीकरवरून एक माणूस मोठ्याने काहीतरी सांगायला लागला. सगळी माणसं मंचाकडे सरकली. मी मैत्रिणीला काय चाललंय विचारणार इतक्यात एप्रनला हात पुसत आई म्हणाल्या, "लिलाव आहे." त्यांनी ऐकलेला शब्द होता 'लेइलांव'. खरंच लिलावच होता. लोकांनी चर्चला दिलेल्या वस्तू, मोठाले गोड पाव, द्राक्षाची दारू, भरतकाम, भाज्यांच्या टोपल्या, यांची बोली लावून पैसे पुन्हा चर्चला. आईंना त्यात काहीच नवीन नव्हतं. त्यांच्या आळीत गणपतीपुढच्या नारळाचा आणि मोदकांचा असाच लिलाव व्हायचा.

आम्ही पुढे उभे होतो आणि नवरा गर्दीच्या पलीकडच्या टोकाला, कारण तिथे फोनची रेंज चांगली होती. मंचावर वेताच्या पिंजऱ्यात एक कोंबडा आणला. तांबडा, झुपकेदार शेपटीचा, जिवंत, आणि रागावलेला. बोली सुरू झाली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. दिवसभर ज्याची वाट बघत होता तो फोन एकदाचा आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने हात उंच करून मला थांब, एक मिनिट असं खुणावलं. लिलाववाल्याने त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी पुकारलं. आमच्या मागून कुणीतरी बोली चढवली. नवऱ्याला फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याने पुन्हा हात केला, या वेळी जरा जोरात. आई माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं, हा कोंबडा घेतोय."

मी हाका मारल्या, पण लाउडस्पीकरपुढे माझं काय चालणार. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि लिलाववाल्याने टेबलावर मूठ आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा फोन संपवून हसत हसत आमच्याकडे आला, म्हणाला, सगळं ठीक झालं, सर्व्हर चालू झालाय. तोपर्यंत दोन माणसांनी पिंजरा आणून त्याच्या पायाशी ठेवला होता. त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोंबड्याने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं.

लेकीने तोवर कोंबड्याला नावही दिलं होतं. तो आपल्या डेकवर राहील, ती त्याला दाणे घालेल, तो सकाळी तिला शाळेसाठी उठवेल, असा तिचा सगळा बेत इंग्रजीतून तयार होता. आमच्या वस्तीत कपडे वाळत घालायला बंदी, तिथे कोंबडा कसा चालेल, हे तिला पटेना. नवरा लिलाववाल्याकडे जाऊन गैरसमज झाला असं सांगायला निघाला, तर आईंनी त्याला थांबवलं. देवाच्या दारात बोली लावली ती लावली, म्हणाल्या. घेतला म्हणायचं आणि देवालाच परत द्यायचा. आमच्याकडे नारळ असाच फिरतो. त्यांनी मैत्रिणीला तसं सांगायला लावलं. मैत्रीण म्हणाली, आमच्याकडेही हेच करतात, मी तुम्हाला सांगणारच होते.

नवऱ्याने बोलीचे पैसे भरले आणि पिंजरा पुन्हा मंचावर गेला. लिलाववाल्याने माइकवरून काहीतरी जाहीर केलं आणि आमच्याकडे हात केला. सगळे वळून बघायला लागले. आत्याने आईंचा हात धरून वर केला आणि आई, एप्रनमध्ये, पिठाने माखलेल्या, चक्क लाजल्या. कोंबडा पुन्हा विकला गेला. ज्याने घेतला त्यानेही तो परत दिला. मग असं आणखी होत राहिलं, गर्दी दर वेळी जास्त ओरडायला लागली, आणि अखेर तो एका खऱ्याखुऱ्या कोंबड्या पाळणाऱ्या माणसाने नेला. लेकीने त्याला विचारून घेतलं की तो याला खाणार तर नाही ना. त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. त्यावर नवऱ्याचा विश्वास बसला नाही, पण लेकीचा बसला.

रात्र तिथल्याच एका मोटेलमध्ये काढून रविवारी सकाळी आम्ही परत आत्याला भेटायला गेलो. आईंनी तिला स्वतःचा अर्धवट विणलेला रुमाल सुईसकट दिला. तिने आईंना निळ्या फुलांचं एक लिननचं कापड दिलं. परतीच्या वाटेवर आई पूर्ण वेळ बोलत होत्या. त्या सागरगोट्यांच्या मैत्रिणीबद्दल. तिचं लग्न आधी झालं, कोर्लईतच. नंतर यांचं झालं आणि या पुण्याला गेल्या. मग नोकरी, मुलं, बदल्या. रेवदंड्याला जाणं व्हायचं, पण खाडी ओलांडून पलीकडे जावं असं कधी सुचलंच नाही. नवरा गाडी चालवत होता. तो म्हणाला, आई, हे तू आम्हाला कधीच सांगितलं नाहीस. त्या म्हणाल्या, "विचारलं कुणी?" रागाने नाही, साधंच म्हणाल्या.

मासळी त्यांनी रात्रभर भिजवली, पाणी दोनदा बदललं, आणि पुण्याहून आणलेली आमसुलं घालून रस्सा केला. मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि स्वतः अंगणात जाऊन बसले. थोडा रस्सा डब्यातून ऑफिसला गेला, तिथून फॉल रिव्हरला. आत्याचा निरोप आला की आंबट छान आहे, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, पावाबरोबर सगळा संपवला.

आई नोव्हेंबरात परत गेल्या आणि जानेवारीत एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाजाच्या मागे कोंबड्या, माणसं, भांडी. त्या भावाला घेऊन कोर्लईला गेल्या होत्या. चर्चपाशी दोन-तीन घरी विचारलं, आणि मग त्या लहानपणच्या मैत्रिणीचं घर सापडलं. "बोल हिच्याशी," असं म्हणून त्यांनी फोन दिला. पलीकडच्या बाईंचा आवाज खणखणीत होता. त्या म्हणाल्या, तुझी सासू सागरगोट्यांत फार लबाडी करायची, हे तुला सांगितलं का तिने? मी म्हटलं, नाही, हे मात्र नाही सांगितलं. मागून आई विरोध करत असल्याचं ऐकू येत होतं, कुठल्या भाषेत ते नीट कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई आल्या नाहीत, पण आम्ही जत्रेला गेलो. मिरवणुकीत मुली पांढरे फ्रॉक घालून डोक्यावर फुलांचं कडं आणि हातात छोटा पाव घेऊन चालतात. आत्याने आमच्या लेकीसाठीही फ्रॉक शिवून ठेवला होता. चर्चच्या मिरवणुकीत तिला पाठवावं का, अशी मी जरा विचारात पडले, म्हणून पुण्याला फोन लावला. आईंनी विचारलं, उन्हात किती चालायचं आहे? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तिला आधी पोटभर खायला घाल, आणि नवे बूट घालू नकोस. नवे बूट आम्ही घातलेच होते. अर्ध्या रस्त्यात लेकीने ते काढून माझ्याकडे दिले आणि सावली बघत, उड्या मारत, अनवाणी पुढे गेली. पाव तिने चर्चपर्यंत नेला खरा, पण तोवर त्याची एक बाजू कुरतडलेली होती.